सगळ्यांचा एकच पासवर्ड

बीटी कपाशी घरोघर पोहोचली, त्या वर्षांतला हा गुन्हा. निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे मनात पुसट झाली. हे मात्र अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

हंगामाच्या ऐन भरात खामगावजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलचे मालक माझ्या पोलीस ठाण्यात आले. मिलच्या वजनकाट्याचा आकडा थेट शहरातल्या त्यांच्या कार्यालयात, संगणकावर उमटत असे. पण मधूनच लाइन तुटायची. मग काटेवाला वजन फोनवर सांगायचा आणि कार्यालयात ते हाताने चढवले जायचे. नेमक्या अशाच कापसाच्या गाड्यांच्या बिलात वजन कमी भरे. बियाणे-फवारणीच्या खर्चाने आधीच पोळलेले शेतकरी काटेवाल्याच्या अंगावर धावून गेले होते.

"वायर तोच काढते साहेब," मालक म्हणाले. "त्याले आत टाका."

काटेवाला पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. सगळे त्याला चाचा म्हणत. मोहल्ल्यातून जीपमध्ये आणला, तेव्हापासून तो पाणीही प्यायला नव्हता. "मी जे काट्यावर पाह्यलं तेच सांगितलं," एवढेच तो म्हणे. वरिष्ठांकडून अटक दाखवण्याचा तगादा होता. बाहेर शेतकऱ्यांचा जमाव, आत एकच वाक्य धरून बसलेला हा माणूस. मी ठाण्यात नुसत्या येरझारा घालत होतो.

अशात मिलमधला एक हमाल मागच्या दाराने आला. "काल लाइन गेली तवा चाचा आमच्यासंगं जेवून राह्यले होते. वायर काय जादूनं काढली?"

म्हणजे लाइन दुसरीकडून तुटत होती. तंत्रनिकेतनातल्या एका इंजिनिअर बाईंना घेऊन, दोन पंचांसह मिलमध्ये गेलो. काट्याच्या आणि संगणकांच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात, त्या नेटवर्क स्विचच्या डब्यावर खंडेनवमीचे कुंकू तसेच होते. बाईंनी तो तपासला. "हा लांब बसूनही उघडता येतो. कोणीही आत शिरून काट्याची लाइन बंद-चालू करू शकतो. नोंद आहे, पण नुसत्या नावाची, आणि सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने शिरतात. माणूस कोणता, ते कसं कळणार?"

"वेगळे पासवर्ड का नाही दिले?" मी मालकांना विचारले.

"घरच्या मानसाले वेगळी चावी कशी देता, साहेब? त्याले वाईट नाई वाटत?"

कार्यालयात वजन चढवणारे तिघे होते, दोन कारकून आणि मालकांचे जावई. तिघांचे जबाब मी आधीच घेतले होते. जावई तर हसून म्हणाले होते, "मले त्या डब्यातलं काय समजते? मी सासऱ्याच्या शब्दाखातर बसतो."

बाईंनी स्विचमध्ये एसएसएच, म्हणजे लांबून सुरक्षितपणे शिरण्याची सोय, सुरू केले. त्यासाठी गुप्त किल्ली तयार केली, मालकांसाठी वेगळे नाव आणि पासवर्ड दिला. जुना उघडा रस्ता बंद केला, पण त्यावर कोणत्या संगणकावरून कोणी येऊन थडकते, याची नोंद ठेवली. मालकांना मी बजावले, घरीही बोलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गाड्यांची रांग लागली आणि लाइन काही तुटली नाही. दुपारी मालक पडलेल्या चेहऱ्याने ठाण्यात आले. "जावाईबापू रुसले साहेब. ताटावरून उठले. म्हनतात, मिलच्या डब्यात मले येऊ देत नाई, मी काय परका झालो?"

ज्याला डब्यातले काही समजत नव्हते, त्याला दार बंद झाल्याचे सगळ्यांत आधी समजले होते. स्विचमधल्या नोंदी जावयांच्याच टेबलावरच्या संगणकाच्या निघाल्या. ठाण्यात बोलावल्यावर तासभर ते मानापमानाच्या गोष्टी करत राहिले. नोंदी समोर ठेवल्यावर बोलले. लाइन तोडून, फोनवर आलेले वजन कमी लिहून घटवलेला कापूस ते एका दलालाच्या नावावर चढवत होते.

मालकांनी शेतकऱ्यांना कमी धरलेल्या वजनाचे पैसे चुकते केले. चाचाचा रोखलेला पगार माझ्यासमोर त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून या."

चाचाने पगार खिशात घातला. "येतो. पन तुमची गाडी पाठवा. जीपमंदी नेलं तवा सारा मोहल्ला पाह्यत होता. कामावर नेतानाही पाहू द्या."

या गुन्ह्यात मी एक शिकलो. घरच्यांना वेगळी चावी देणे जिथे अपमान वाटतो, तिथे संशय बाहेरच्या माणसावर जातो, आणि तो आपसूक धुतला जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मोहल्ल्यात गेली. मागच्या सीटवर मालक स्वतः बसले होते. चाचा पुढे बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हळू घे बे, घाई नाई."