कुसुमबाई आणि बेवारशी पेट्या

कुसुमबाई मूळच्या पेडगावच्या. लग्नानंतर परभणीत टायपिंग शिकल्या आणि एका बियाणे कंपनीत लागल्या. पुढं कॉम्प्युटर आले, तेव्हा मॅनेजर व्यंकटरावांनी त्यांनाच त्यापुढं बसवलं. १९९४ पर्यंत सेलू-जिंतूरच्या डेपोंची डाक फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरवरच यायला लागली होती.

त्या वर्षी मे महिन्यात लाईट गेली. परत आली ती अशी जोरात आली, की कोपऱ्यातला कॉम्प्युटर जळाला. पत्रं दुसऱ्या कॉम्प्युटरात शाबूत होती. पण कोण आपला, कोण परका, हे जळालेल्यालाच ठाऊक. त्यानं ओळख दिल्याशिवाय दुसरा कुणालाच आत घेईना. पेरणी तोंडावर, आणि बियाण्याच्या मागण्या आत अडकलेल्या.

कुसुमबाईंनी नवा कॉम्प्युटर जोडला, सगळ्यांची नावं पुन्हा घातली. सगळ्यांच्या पत्रांच्या पेट्या उघडल्या, पण रिकाम्या.

"गेलं सगळं. पुसून टाका, नव्यानं सुरू करा," व्यंकटराव म्हणाले.

"दम धरा साहेब. पुसायला काय, कवाबी येतंय."

त्यांनी कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या औरंगाबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, पेटी नावाला नसते, नंबराला बांधलेली असते. नाव तेच घातलं तरी नंबर नवा पडतो. जुन्या पेट्या आत आहेत, फक्त बेवारशी झाल्यात. कुठली कुणाची ते शोधा, जोडायचं कसं ते मी सांगतो."

दुसऱ्याची पत्रं वाचणं कुसुमबाईंना पटेना. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि पेटीगणिक फक्त पाठवणाऱ्यांची नावं वाचली.

"सेलू डेपो, सेलू डेपो, मानवत."

"ती माझी," व्यंकटराव म्हणाले.

एकेक पेटी मालकाला मिळत गेली. शेवटची उरली.

"जिंतूर डेपोची केशर. केशर. पुन्हा केशरच. लय चिठ्ठ्या हायत. कुणाची ही?"

गोदामाचा चंद्रभान पंख्याकडं बघायला लागला.

"स्टॉकचं असंल काहीतरी," तो हळूच म्हणाला.

"मग तुमच्या नावावर जोडू का?"

"जोडा ताई."

सगळे पोट धरून हसले, व्यंकटरावसुद्धा. संध्याकाळी मागण्या छापून निघाल्या आणि सेलूचा ट्रक भरायला लागला. कुसुमबाईंना तेव्हा आठवलं, आपण सकाळपासून जेवलोच नाही.

दिवाळीनंतर जिंतूरला चंद्रभानचं लग्न लागलं. केशरला पहिली हळद कुसुमबाईंनीच लावली होती.