चिंचेच्या कोळातलं रिव्हॉल्व्हर

आमच्या घराण्यात आजवर दोन रिव्हॉल्व्हरं होऊन गेली. पहिलं पोलीस ठाण्यात जमा झालं आणि दुसरं चिंचेच्या कोळात बुडालं. पहिल्याला माझे वडील जबाबदार होते, दुसऱ्याला मी. दोन्हींतून कधी गोळी सुटल्याचं कुणाच्याही स्मरणात नाही.

पहिल्याची हकिगत अशी. माझे आजोबा जंगलखात्यात रेंजर होते आणि त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते वारले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, बावीस वर्षांचे होते. परवाना आजोबांच्या नावावर, तेव्हा हत्यार ठाण्यात जमा करणं आलं. अण्णांनी ते पंच्यात गुंडाळून नेलं, रीतसर पावती घेतली आणि "नवा परवाना काढा, मग घेऊन जा" हे फौजदाराचं बोलणं खरं मानून घरी आले. पुढे चार वर्षं ते अर्ज करत राहिले. शेवटी उत्तर आलं, की सदर वस्तू आढळून येत नाही. वस्तू गेली, पावती राहिली. ती अण्णांच्या पाकिटात कायम असे. लहानपणी आम्ही भावंडं त्या पावतीची चेष्टा करायचो. एकदा अण्णा शांतपणे म्हणाले, "वडिलांची एकच वस्तू माझ्या हाती आली होती. ती मी माझ्याच हातांनी नेऊन दिली." त्यानंतर आम्ही ती चेष्टा कधी केली नाही.

आता दुसऱ्याची हकिगत. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला राहत होतो. मी एका कंपनीत गंज-प्रतिबंधक विभागात इंजिनिअर होतो. लोखंडाच्या पृष्ठभागाला इजा होऊ नये म्हणून काय करावं, हे लोकांना समजावून सांगण्याचा मला पगार मिळत असे. (हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.)

त्या वर्षी अण्णा आणि आई उन्हाळ्यात आमच्याकडे आले. आईचं छान जमलं. तिने माझ्या बायकोचं, सुनंदाचं, स्वयंपाकघर आठवड्याभरात ताब्यात घेतलं आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून चिंच, गूळ, गोडा मसाला अशी रसद उभी केली. अण्णांचं मात्र जमेना. साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात काढलेला माणूस. इथे सही करायला एक कागद नाही, खेकसायला एक शिपाई नाही! दिवसभर खिडकीशी बसून ते रस्त्याकडे बघत आणि त्या रस्त्यावरून कुणीही चालत जात नसे. संध्याकाळी मी त्यांना फिरायला नेई. त्याही वाटेवर आम्ही दोघेच.

अशाच एका संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या मिस्टर हॅन्सनच्या गराजसमोर अण्णा थबकले. हे हॅन्सन म्हणजे सत्तरीचे, पँटला खांद्यावरून सस्पेंडरचे पट्टे लावणारे गृहस्थ. गराजमध्ये जुन्या वस्तूंचं दुकान चालवायचे. समोरच्या टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवलेली होती, एक चांदीसारखं लखलखीत आणि दुसरं काळंकुळकुळीत. अण्णांचा हात शर्टाच्या खिशावरून, पाकीट असायचं त्या जागेवरून, एकदा फिरला.

मी बघितलं. तेवढ्यात ठरवून टाकलं, की यातलं एक घ्यायचं.

"शंभर वर्षांची आहेत दोन्ही, डॉक," हॅन्सन म्हणाले. (मी डॉक्टर नाही, हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं.) "घोडे मोडलेत, चालत नाहीत. हे चकचकीत आहे ना, ते कुणीतरी रिफिनिश केलंय. सगळं घासून, वर मुलामा देऊन. जाणकार त्याला हात लावत नाही. हे काळं मात्र ओरिजिनल आहे. शंभर वर्षं माणसांचे हात लागून हा रंग चढलाय. हा रंग हीच त्याची किंमत."

आणि ती किंमत लखलखीत रिव्हॉल्व्हरच्या चौपट होती. मी तज्ज्ञासारखी मान डोलावली.

घरी येऊन मी विषय काढला आणि डायनिंग टेबलावर सभा भरली.

"घरात गन?" सुनंदा म्हणाली. "आपली मीनल दहा वर्षांची आहे!"

"अगं, ते चालत नाही."

"चालत नाही, तर घ्यायचं कशाला?"

मीनलने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "डॅड, आर यू मॅड ॲट समबडी?"

"घ्यायचंच असेल, तर ते चकचकीत घ्या," आईने निकाल दिला. "स्वस्तही आहे आणि स्वच्छही आहे. गंजक्याला चौपट पैसे कुठे असतात?"

"मला काहीही नकोय," अण्णा म्हणाले.

आता अण्णांच्या 'नको'चे तीन प्रकार होते. पहिला भाजी वाढताना हात आडवा धरून म्हटलेला, तो खरा. दुसरा पानावर हात न धरता म्हटलेला, त्याचा अर्थ 'थोडी वाढ'. तिसरा खाली बघून म्हटलेला, त्याचा अर्थ 'हवंय, पण मागणार नाही'. तो मी आयुष्यात दोनदाच ऐकला होता. हा त्या तिसऱ्या प्रकारचा होता.

मार्ग सुनंदाने काढला. "दोन्ही घरी आणा. लग्नाच्या साड्या नाही का दुकानदार घरी पाठवत? चार आणायच्या, मोठ्यांनी निवडायची, बाकीच्या परत. अण्णांना हातात घेऊन बघू द्या."

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरं साड्यांसारखी पसंतीला मागणारा पहिला माणूस बहुधा मीच! पण हॅन्सनने क्षणभर विचार करून दोन्ही टॉवेलात गुंडाळून दिली. "सोमवारी परत आण. काळ्याला जप, डॉक."

"डोन्ट वरी," मी म्हणालो. "इट्स माय प्रोफेशन."

शनिवारी अण्णांनी लखलखीत रिव्हॉल्व्हर उचललं आणि लगेच खाली ठेवलं. काळं बराच वेळ धरून ठेवलं. उलटं केलं, सुलटं केलं, लाकडी मुठीवर अंगठा फिरवला. "वजन तेच आहे," ते म्हणाले. "आकारही तोच. पण हे आमचं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगता येत नाही." मग खाली बघत म्हणाले, "दोन्ही परत देऊन ये. मी आता पुढच्या महिन्याचं तिकीट बघतो." मला वाईट वाटलं. परक्या देशात त्यांना आपली म्हणून एक वस्तू द्यावी, एवढंच माझ्या मनात होतं, आणि मी त्यांना फक्त जुनी जखम दाखवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्रांच्या पूजेचा दिवस. परदेशी आल्यापासून आमची शस्त्रं म्हणजे विळी, स्क्रूड्रायव्हरचा सेट, डबे उघडायचं कटर आणि माझा कॅलक्युलेटर. (गवत कापायच्या मशीनला गराजमध्ये जाऊन कुंकू लावत असू.) पाटावर हा सगळा दारूगोळा मांडून झाल्यावर आई म्हणाली, "आणि घरात खरी शस्त्रं आलीयेत, ती नाही का ठेवायची? सोमवारपर्यंत आपलीच आहेत ती."

लखलखीत तिने लगेच ठेवलं. काळं हातात घेऊन मात्र नाक मुरडलं. "हे असं पारोसं पूजेत ठेवू? याच्या खाचांमधून बघ किती गंज आहे."

"आई, तो रंग घालवायचा नाही! तीच त्याची किंमत आहे."

"रंग नाही रे, हा तांबडा गंज म्हणतेय मी."

मी चष्मा लावून बघितलं. खाचेत खरंच तांबडा गंज होता. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, आणि तो एकदा जागा झाला की त्याला झोपवणं कठीण. मी आईला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. काळा थर वेगळा आणि तांबडा गंज वेगळा. सौम्य आम्ल दिलं तर तांबडा आधी विरघळतो, काळा टिकून राहतो. प्रश्न फक्त वेळेचा आहे. "दोन मिनिटं," मी म्हणालो, "मोजून दोन मिनिटं." आईने चिंच कोळून दिली, मी त्यात चिमूटभर मीठ घातलं (शास्त्र!), रिव्हॉल्व्हर पातेल्यात सोडलं आणि घड्याळ लावलं.

आणि फोन वाजला.

भारतातून माझ्या धाकट्या भावाचा फोन होता. त्या काळी भारतातून फोन आला की घरात आग लागली असली तरी आधी फोनकडे धावायचं. लाईन खरखरत होती, म्हणून सगळे ओरडत होते. "अण्णा कसे आहेत?" "बरे आहेत!" "काय?" "बरे आहेत!!" अण्णा आंघोळीला गेलेले, तेव्हा ते बरे आहेत हे मी एकट्यानेच सातआठ वेळा सिद्ध केलं. मग सुनंदा बोलली, मग मीनलला बळेबळे दोन मराठी वाक्यं बोलायला लावलं. फोन ठेवून मी वळलो, तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

स्वयंपाकघरातून येणारा खसखस आवाज नुकताच थांबला होता.

आईने काय पाहिलं होतं? चिंचेत भिजत घातलेलं भांडं. भिजवलेलं भांडं घासायचं असतं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. मी दिसत नाही म्हटल्यावर तिने काथ्या घेतला, मनापासून घासलं, धुतलं, पुसलं आणि पाटावर मांडून वर झेंडूचं फूल ठेवलं. शंभर वर्षांत चढलेला रंग पातेल्याच्या तळाशी आमटीसारखा दिसत होता.

"बघ कसं लख्ख निघालं!" आई म्हणाली.

मी खाली बसलो. हॅन्सनचा चेहरा डोळ्यांसमोर आला. एका म्हाताऱ्या माणसाने निव्वळ विश्वासावर दिलेली वस्तू, आणि मी तिचं भरीत केलं. मला खरोखर लाज वाटली. सुनंदा माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, "साड्या बऱ्या."

तेवढ्यात अण्णा आंघोळ करून, सोवळं नेसून आले. पाटासमोर वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. आईवर येऊ नये म्हणून लगेच म्हणालो. जन्मात एवढा एक शहाणपणा केला.

अण्णांनी रिव्हॉल्व्हर उचललं. पांढुरकं, ओरखडे उठलेलं, खाचांमधून चिंचेचे तंतू अडकलेलं. त्यांचे ओठ हलले. "हे," ते म्हणाले. "हेच ते. आमची आई दर खंडेनवमीला असंच चिंच लावून घासायची. वडील ओरडायचे, 'अगं, त्याची रया घालवलीस!' ती म्हणायची, 'देवासमोर मळकं ठेवत नाही मी.' इतकी वर्षं मी विसरलो होतो बघ. काल म्हणूनच ते आपलं वाटत नव्हतं." आणि माझे वडील, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते कॅलक्युलेटरसमोर उभे राहून रडले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सोमवारी मी हॅन्सनसमोर टॉवेल उलगडला आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय वापरलंस?"

"चिंच. एक फळ असतं."

"पन्नास वर्षं या धंद्यात आहे मी," ते खिन्नपणे म्हणाले. "सॅण्डपेपर पाहिला. टूथपेस्ट पाहिली. फळ पहिल्यांदाच."

मी काळ्याची पूर्ण किंमत देऊ केली. ते म्हणाले, "रिफिनिश केलेलंच हवं होतं, तर ते दुसरं होतं की! चौथ्या हिश्शात."

"मला हेच हवंय," मी म्हणालो. आणि अण्णांची गोष्ट सांगितली. हॅन्सननी त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुझ्या वडलांना सांग, छान काम झालंय." मग माझ्याकडे बघून, "पण तू दुसऱ्या कशाला हात लावू नकोस, डॉक."

अण्णा आईला घेऊन नोव्हेंबरात परत गेले. रिव्हॉल्व्हर विमानातून नेता येणार नव्हतं, ते माझ्याकडे राहिलं. निघायच्या सकाळी त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "पावती लिहून दे." मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला : एक नग रिव्हॉल्व्हर, जुने, घासलेले, आजरोजी ताब्यात मिळाले, मागणी होताच विनातक्रार परत करीन. खाली सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि पाकिटात जुन्या पावतीशेजारी ठेवली. विमानतळावर त्यांनी मला पहिल्यांदा मिठी मारली.

मागणी काही झाली नाही. पुढे अण्णा वारल्यावर भावाने त्यांचं पाकीट मला पाठवलं. दोन्ही पावत्या आत होत्या. माझी उलगडली आणि माझ्या सहीखाली अण्णांच्या वळणदार कचेरीच्या अक्षरात एक शेरा दिसला. तो मी फ्रेम करून रिव्हॉल्व्हरशेजारी लावला आहे, आणि माझ्या साऱ्या पदव्या त्याच्या खाली टांगल्या आहेत :

"वरील इसम गंजाचा तज्ज्ञ आहे. सबब त्याच्या हाती चिंच देऊ नये."