मोजणीबाईची चूक

पाळणाघरात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. बागेत जाताना, येताना, झोपेतून उठल्यावर ती प्रत्येक मुलाच्या डोक्यावर तळहात टेकवून मोजायची. नुसत्या नजरेनं कधीच नाही. मुलांना इतकी सवय की ती जवळ आली की आपणहून मान खाली घालत. चौदा मुलं. नऊ वर्षांत आकडा चुकला नव्हता.

मग नियम आला. मुलांची खोली पदविका असलेल्या बाईकडेच द्यायची. तिनं कॉलेजात नाव घातलं. तिथे दर शुक्रवारी ब्लॉग लिहायचा होता: आठवड्यात आपली चूक कुठे झाली, तिच्यातून काय शिकलो.

तिनं लिहिलं, ‘या आठवड्यात चूक झाली नाही.’ पुढच्या शुक्रवारीही तेच.

“चूक होत नाही म्हणजे? देव लागून गेलात का तुम्ही?” मॅडमनी वर्गासमोर विचारलं. वर्ग खिदळला. दोन्ही वेळा शून्य. तिसऱ्या शून्याला नापास.

“ताई, तू पण ना,” धाकटी बहीण वाटाणे सोलता सोलता म्हणाली. “त्यांना चूक हवीय, मग दे एक. तुझ्या बापाचं काय जातंय?”

“माझा बाप तो तुझाही बापच.”

“म्हणून तर सांगतेय.”

तिनं दिली. जी तिला सगळ्यात भयंकर वाटायची, तीच दिली. बागेतून परतताना मोजायचं राहिलं. एक मूल झोपाळ्यापाशी दहा मिनिटं एकटं होतं.

दहापैकी दहा. ‘आत्ता कुठे प्रामाणिक झालात,’ मॅडमनी खाली शेरा मारला. आणि नमुना म्हणून तो मजकूर कॉलेजच्या पानावर लावला. नावासकट.

सोमवारी पाळणाघराच्या दारात आईबाप मोबाईल घेऊन उभे होते.

“कोण होतं ते? माझी होती ना?”

“माझाच असणार. तरीच त्या आठवड्यात धड जेवत नव्हता.”

“अहो, कुणीच नव्हतं,” ती म्हणाली. “मी मनानं रचून लिहिलं.”

“वा! अंगाशी आलं की रचलेलं होय?”

संचालिकेनं तिला आत बोलावलं. बस म्हणाली नाही. “मूल विसरलीस, नाहीतर मुलांबद्दल खोटं लिहिलंस. यांना यातलं काय सांगू? खोटं असेल तर तसं ब्लॉगवर लिही. आत्ता, माझ्यासमोर.”

तिनं लिहिलं. दोन ओळी. दुपारच्या आत मॅडमनी दहाचं शून्य केलं. पदविका गेली. आईबापांपैकी एकाचाही त्या दोन ओळींवर विश्वास बसला नाही. प्रत्येकाला अजून वाटत होतं, आपलंच होतं.

खोली नव्या मुलीला मिळाली. तिच्याकडे पदविका होती. ती दारातून बोट नाचवत मोजायची. मोजणीबाईला मोरीवर लावलं.

संध्याकाळी ती धुतलेल्या वाट्यांचा ढीग घेऊन ओसरीवर आली. घरी निघालेला एक मुलगा तिला बघून थांबला. सवयीनं त्यानं मान खाली घातली. तिनं वाट्या ठेवल्या, ओला हात पदराला पुसला आणि पुढे केला.

त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

“हात लावायचा नाही.”

मुलगा फाटकापर्यंत मान तशीच खाली घालून चालत गेला.