पाटकऱ्याची बोटीची सहल

कोरड्या कालव्यात पाणी सोडलं की आधी वाळका पाला सरसरायचा, मग गोटे खडखडायचे आणि मागून पाणी घुमत यायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो आवाज ऐकून मी काठावर जो मागं सरलो, तो रिटायर होईपर्यंत पुढं गेलो नाही. पाण्याला भिणारा पाटकरी! सांगायचं कुणाला? म्हणून कुणालाच सांगितलं नाही. त्याचीच फजिती परवा इथं कतारमध्ये झाली. चहा घ्या, सांगतो.

पाटकरी म्हणजे कालव्याचा राखणदार. शेतांना पाळीनं पाणी द्यायचं आणि कालव्यात कुणी उतरलं तर दंड करायचा. माणूस असो की म्हैस, मी कुणाला सोडलं नाही!

सध्या आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मुलाकडं, प्रशांतकडं, अल नस्रच्या फ्लॅटवर आलोय. तो लुसैलला ऑफिसात असतो. एकदा जेवताना म्हणाला, "आई, सुट्टीत फ्रान्सला जाऊ. आठवडाभर बोटीतच राहायचं. कालव्यातून निघायचं, नदीला लागायचं, वाटेत जुनी गावं, किल्ले, दगडी पूल. आणि बोट आपणच चालवायची!"

माझा घास हातातच राहिला. "कालव्यात बोट? अरे, दंड होईल!"

"बाबा, तिथं कालवे फिरायलाच ठेवलेत."

ऐकलंत? फिरायला! मग शेताला काय देतात?

पण हिनं भाकरी बाजूला ठेवली. "मी येणार," म्हणाली. सारा जन्म कालव्याच्या चौकीवर काढला बाईनं. कुठं जायचं म्हणून कधी हट्ट केला नाही. हा पहिलाच.

आणि मी काय करावं? दुसऱ्या दिवशी प्रशांतला बाजूला घेऊन म्हणालो, "तुझी आई पाण्याला फार भिते रे. बोलायची नाही, पण नको नेऊस तिला."

वाटलं, खलास! मिटलं! कुठलं मिटतंय? पोरगं आईवेडं. शुक्रवारी आम्हाला घेऊन द पर्लला गेलं. समुद्रात भराव घालून वसवलेलं ते गाव, तिथंही घरांमधून कालवे काढलेत. म्हणाला, "तासभर फिरून बघू. आई घाबरली तर फ्रान्सचं बुकिंग करत नाही."

धक्क्याला छोटी बोट लागलेली. नावाडी रत्नागिरीकडचा. प्रशांतनं हात पुढं केला. "आई, भिऊ नकोस."

"मी? कोण म्हणालं?"

"बाबा."

हिनं माझ्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि टुणकन बोटीत! मागून मी. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत, आणि मधलं पाणी रुंदावत चाललेलं! हाताला लागलं ते घट्ट धरलं.

"ओ चाचा, मान सोडा माझी!" नावाडी ओरडला. "यल्ला, चला, खाली बसा, नाहीतर दोघंही जाऊ!"

बसलो. दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. प्रशांत बघतच राहिला. "बाबा, म्हणजे तुम्ही भिता?"

"लग्नाच्या आधीपासून," हीच म्हणाली. "मला ठाऊक आहे. मला पोहता येतं."

"तुला? कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"तुमच्याच कालव्यात. तुम्ही सायकलवरून वरच्या गेटकडं गेलात की चौकीवरच्या आम्ही साऱ्या बाया उतरायचो."

माझ्या नाकाखाली! एकदा काठावर हिरवं लुगडं सापडलं होतं. मी ते पुरावा म्हणून साहेबाकडं जमा केलं, शाबासकी घेतली. गुन्हेगार काही सापडला नव्हता.

"मग ते हिरवं लुगडं…"

"माझंच."

आमच्याच दोरीवर वाळणारं लुगडं, आणि मला ओळखू आलं नव्हतं!

नावाडी खो-खो हसत सुटला. प्रशांतनं फोन काढला. "आईचं बुकिंग करतोय. बाबा, तुमचं काय करू?"

मला कुठलं ऐकू येतंय? माझ्या डोक्यात भलतंच. "अगं, पण मग त्या दिवशी लुगड्यावाचून तू घरी आलीस कशी?"

हिनं लाइफ जॅकेट माझ्या मांडीवर ठेवलं आणि बोटीच्या पुढच्या टोकाकडं निघून गेली.