गॅरेजच्या भिंतीतला जॉइंट

पोलिसातून निवृत्त झालो, तरी सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधल्या त्या गॅरेजची केस डोक्यातून गेलेली नाही. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात.

कोविडचा लॉकडाऊन होता. स्टेशनमधले बरेच जण आयसोलेशनमध्ये, उरलेले डबल शिफ्टला. चोऱ्यामाऱ्यांपेक्षा लोकांना घरी पाठवण्यातच दिवस जायचा. एका दुपारी अग्निशमन दलाकडून कळलं, की एका घराच्या गॅरेजला आग लागून बाई दगावली आहे. ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. वॉर्डातला संसर्ग घरात यायला नको म्हणून गॅरेजमधल्या खोलीत वेगळी राहत होती. रात्रपाळी करून आली, हीटर लावून झोपली, ती उठलीच नाही. मागे नवरा, सासू आणि शाळेत जाणारी मुलगी.

नवरा पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर. पहिल्या जबाबात त्याने सांगितलं, की हीटर जुना होता, त्यानेच पेट घेतला असणार. खोली कुणी केली, असं विचारल्यावर म्हणाला, घर घेतलं तेव्हापासून ती आहेच. बोलताना रडत होता, पण उत्तरं अडखळत नव्हती. त्यावरून मी काही ठरवलं नाही. दुःखात माणूस कसा वागेल याचा नेम नसतो.

मग शेजाऱ्याचा स्टेशनला फोन आला. वयस्कर ऑस्ट्रेलियन गृहस्थ. कुणावर आरोप करायचा नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. पण लॉकडाऊन लागल्यावर पलीकडून रोज ड्रिलचा आवाज यायचा, आणि नवऱ्याला भिंतीचे जिप्सम बोर्ड आत नेताना त्याने स्वतः पाहिलं होतं.

आगीची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने जळलेली भिंत उघडली. हीटर तपासून त्याने बाजूला ठेवला. दोष त्यात नव्हता. आग भिंतीच्या आत सुरू झाली होती. घराच्या वायरीला एक्स्टेन्शनची बारीक नारिंगी वायर नुसती पिळून जोडलेली, वर टेप गुंडाळलेली. जॉइंटला डबा नाही, झाकण नाही, तसाच बोर्डामागे बुजवलेला. घरात सेफ्टी स्विच होता. पण शॉक बसण्याची वेळ आली की तो वीज तोडतो. सैल जॉइंट तापत गेला तर त्याला ते कळत नाही.

वॉरंट घेऊन आम्ही घराची झडती घेतली. मागच्या शेडमध्ये त्याच नारिंगी वायरीचा कापलेला उरलेला तुकडा मिळाला, प्लगसकट.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती आणि घर गारठलेलं. आजी शाल गुंडाळून बसल्या होत्या. नात हीटर लावू देत नाही, असं त्यांनी मला मराठीत सांगितलं. मुलगी शेजारीच होती, जॅकेट घालून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इट वॉज माय हीटर. आय गेव्ह इट टू हर."

आई गॅरेजमध्ये कुडकुडते म्हणून तिने स्वतःच्या खोलीतला हीटर नेऊन दिला होता. हीटरमुळे आग लागली, असं घरात बाबा सगळ्यांना सांगत होते. या मुलीने त्याचा काय अर्थ घेतला असेल, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

चौकशी रीतसर झाली. हक्क समजावले, वकील हजर, रेकॉर्डिंग चालू, टेबलाच्या दोन टोकांना मास्क लावून आम्ही. सगळं इंग्रजीत. वायरीचा फोटो दाखवला, तेव्हा आधीच्या मालकाने केलं असेल, म्हणाला. मग शेडमधला तुकडा दाखवला. मी मुलीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

त्याने मास्क काढला आणि मराठीत म्हणाला, "सर, हीटरचं काही नव्हतं. जॉइंट मी केला."

वकिलाने थांबवलं, तरी तो थांबला नाही. इलेक्ट्रिशियन का बोलावला नाही, असं मी विचारलं. तशी कामं लॉकडाऊनमध्येही करून मिळत होती. तो म्हणाला, घरात म्हातारी आई, परका माणूस आत घ्यायची भीती वाटली. व्हिडिओ पाहून केलं. बायकोला लवकर खोली हवी होती. मग प्लास्टर, रंग. भिंत छान दिसत होती.

इथे परवान्याशिवाय घरातलं वायरिंग करणं गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, पण तुरुंगात जावं लागलं नाही. ती कमी होती की जास्त, मला आजही सांगता येत नाही.

चौकशीनंतर घरी गेल्यावर त्याने मुलीला स्वतः सगळं सांगितलं. आजींनी नंतर मला फोन करून कळवलं. ती बापाशी बरेच महिने बोलली नाही. पण त्याने सांगितलं त्याच रात्री तिने खोलीत दुसरा हीटर लावला आणि झोपली.

आम्ही पोलीस आधी वाईट हेतू शोधतो. या घरात तो सापडला नाही. घाबरलेल्या माणसाने बायकोसाठी मायेनेच केलेलं काम होतं ते, आणि त्यानेच ती गेली. जोडणी डब्यातच हवी, डब्याचं झाकण हाताला लागेल असं हवं, हे नियम वाचताना कटकट वाटते. मलाही वाटायची.

आता कुणाकडे जेवायला गेलो आणि त्यांनी नवी केलेली खोली दाखवली, की मी वायरिंग कुणी केलं ते विचारतो. यजमानांना आवडत नाही. बायको गाडीत बसल्यावर रागावते. मी तरी विचारतो.