बेटावरच्या पलटणीचा खर्च

हे आत्ताच्या आत्ता सांगते, उद्यापर्यंत थांबले तर लाजून सांगणारच नाही. टायपो बघू नका.

मी अमेरिकेत मास्टर्स करतेय, श्रूजबरीत एका रिटायर्ड डॉक्टर काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहते. ड्राइव्ह करून क्लासला जायचं, कोणाशी न बोलता परत यायचं. सहा आठवडे हेच.

मग प्रोफेसरांनी एक खेळ दिला. एक बेट, जुन्या काळातली वसाहत. तिथे साम्राज्याच्या सरकारने पलटण ठेवलेली. तिचा खर्च कोणी किती उचलायचा ते वाटाघाटी करून ठरवायचं. सरकारकडून तिघं, बेटाकडून दोघं. माझ्या पार्टनरने कोर्सच ड्रॉप केला, म्हणजे अख्खं बेट मी एकटी. पण मी जाम एक्सायटेड होते यार, कारण सह्या झाल्या की दोन्ही टीम एकत्र पिझ्झा खायला जातात, आधीच्या ग्रुपचं बघितलं होतं. मला तिथे जायचं होतं, बस.

काकांना सांगितलं तर चहा बाजूला ठेवून म्हणाले, "सोपंय. ते निम्मा मागतील, तू दहावा हिस्सा सांग. ऐकलं नाही तर उठून चालायला लागायचं. तुळशीबागेत चार पावलं गेलं की दुकानदार हाक मारतोच."

काकू आतून म्हणाल्या, "घासाघीस मी करायचे. हे पिशवी धरून उभे."

"म्हणून तर नीट बघितलंय," काका म्हणाले.

क्लासमध्ये सरकारचा उंच मुलगा म्हणाला, निम्मा. मी म्हटलं, दहावा. पलटण तुमच्या जहाजांच्या राखणीला आहे, आमच्या नारळांच्या नाही. ते हसले. खरंच हसले, माझ्या बोलण्यावर. मग ते एक तृतीयांशावर आले. घ्यायला हवं होतं. पण मला वाटलं अजून थोडं ताणू, अजून हसतील. मी वही मिटली, "नाही परवडत" म्हटलं आणि दाराबाहेर गेले.

चार पावलं. मग हळूहळू अजून चार. पाण्याच्या नळापाशी थांबून तहान नसताना पाणी प्यायले. कोणी हाक मारेना. दहा मिनिटांनी आत आले तर बोर्डवर लिहिलेलं, वसाहतीने चर्चा सोडली, पलटण परत बोलावली. तिघं बॅगा भरत होते.

त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला थांबायचं नाहीये." अगदी प्रेमाने म्हणाली. तिच्या दृष्टीने तिने माझ्या निर्णयाचा मान ठेवला होता. इथे माणूस गेला म्हणजे गेला, मागून हाका मारणं बरं दिसत नाही.

मला म्हणायचं होतं, थांबा ना, एक तृतीयांश चालेल, निम्मासुद्धा चालेल. तोंडातून "इट्स ओके" आलं. ते तिघं पिझ्झाला गेले, मी पार्किंग लॉटमध्ये.

घरी काकांनी विचारलं, "काय, मारली की नाही हाक?"

"मारली की," मी म्हटलं. ते इतके खूष झाले की काकूंना दोनदा सांगितलं.

तुमचं झालंय का असं कधी? कोणीतरी थांबवेल म्हणून उठलात, आणि कोणी थांबवलंच नाही? मग काय केलंत?