ओल्या सिमेंटचा वड

गेवराईच्या पुढे हमरस्त्याला लागून लेकरांना खेळायची जी बाग आहे, तिच्यात एकही लाकूड खरं नाही. पूल, बाकडी, कुंपणाचे ओंडके, मधला वड, सगळं सिमेंट. ते आमच्या घरधन्यांनी केलं, अन् त्यांच्या हाताखाली मी होते.

आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, जाळीवर सिमेंटचा जाड थर. शेवटचा पातळ थर दिला की घाई. बोट रुतेल पण चिकटणार नाही, तेवढ्या वेळात साल कोरून घ्यायची. मोठ्या भेगा ते थापीच्या टोकानं काढायचे, बारीक रेघा मी माझ्या केसांच्या फणीनं. फणीचे निम्मे दात गेले, तेव्हा कुठं रेघा लाकडासारख्या वाकड्यातिकड्या येऊ लागल्या. पण ह्या फणीवाल्या बाईचा तोरा काय! जणू ब्रह्मदेवानं झाडं करायचं काम हिच्यावर सोपवून सुट्टी घेतली होती.

वडाचं काम निघालं तोवर त्यांचा दमा वाढला होता. सिमेंटची पिशवी फोडली की खोकल्याची उबळ. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं खराब झालीत, धुळीचं काम बंद करा. हे म्हणाले, "वड झाला की करतो."

बुंध्याला शेवटचा थर दिला, त्या दिवशी वटपौर्णिमा होती. आमच्या गावचा वड रस्ता रुंद करताना गेलेला, शेजारणी कुंडीतल्या फांदीला पुजत होत्या. अन् माझ्यापुढं हा एवढा थोरला वड! हे सावलीत पडलेले, छाती भात्यासारखी वाजत होती. मी पिशवीतून दोरा काढला अन् सात फेरे घातले. देवाला नीट दिसावा म्हणून वर करकचून आवळलाही. दोरा ओल्या सिमेंटात रुतून बसला.

"अगं ए, झाडाला करगोटा घालाया लागलीस का?"

"तुमच्यासाठीच घालते. गप पडा."

"ह्याच्या पोटात लोखंड हाय. तूच बांधलंस न्हाई का?"

"मग बरंच की. लोखंड लई टिकतं."

ते हसले, अन् हसण्याचा खोकला झाला. मी पाण्याला धावले, त्यांना बसतं केलं, पाठ चोळत राहिले. तेवढ्यात साल वाळली. दोरा ओढला तर तुकडे हातात आले, खाचा तशाच राहिल्या. मी सिमेंट कालवून बुजवायला निघाले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वेल चढून गेल्यावानी दिसतंय."

पुढं साल मुरल्यावर त्यांनीच त्या खाचांत गर्द तपकिरी रंग सोडला अन् वरचा फडक्यानं पुसून घेतला. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. दिवाळीआधी ते गेले. मी त्या वडाला जाऊन वाट्टेल ते बोलले. पाहा ही शहाणी! जाळी हिनं बांधली, साल हिनं कोरली, अन् सिमेंटनं हिचं ऐकायला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बागेच्या मालकानं झाड नव्यानं रंगवायला काढलं. मला बोलावून विचारलं, "आजी, ह्या खाचा भरून घेऊ का?"

नको, एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर बडबड केलेली ही बाई खाचेत बोट घालून बुंध्याभोवती चालू लागली. तो माझ्या बोटाकडं पाहत थांबला. मग त्यानं रंगाऱ्याला बाकड्यांकडं पाठवलं.